कल्याणरामांची रविवारची जागा

ओरत्तनाडूच्या शेतकी कार्यालयात कुणाचे काही अडले की लोक कल्याणरामांच्या टेबलाकडे वळत. कुठले परिपत्रक कधी निघाले, तिरुवारूर जिल्हा नागपट्टिणम्‌मधून कोणत्या वर्षी वेगळा झाला, हंगेरीची राजधानी कोणती, शहामृगाचे अंडे उकडायला किती वेळ लागतो, सगळे त्यांना ठाऊक. विचारणाऱ्याला बहुधा एवढे नको असे. पण परतीची बस येईपर्यंत ऐकून घेण्यात कुणाचे काही जात नसे.

वय सत्तावन्न. निवृत्तीला एक वर्ष उरलेले. माणूस अतिशय नेटका. सकाळी पावणेनऊच्या बसमध्ये उजव्या बाजूची तिसरी खिडकी, कारण जाताना त्या बाजूला ऊन नसते. पेनाला टोपण, वहीला कागदाचे वेष्टन, वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, निऱ्यांना इस्त्री. घर तंजावूरच्या दक्षिण वीथीत. पूर्वज मराठी राजांच्या दप्तरात लेखनिक होते म्हणून इथे आले आणि राज्य गेले तरी इथेच राहिले. घरी बोलणे मराठीत, त्यात निम्मे तमिळ. हिशेब आणि भांडण इंग्रजीत. देवनागरी फक्त स्तोत्रांच्या पोथीपुरती, तीही बोट ठेवून.

माहिती गोळा करण्याचा नाद त्यांना शाळेपासून. वर्तमानपत्रात, औषधाच्या वेष्टनावर, बसच्या तिकिटामागे जे सापडेल ते लांबट वहीत उतरवून ठेवायचे. अशा एकतीस वह्या कपाटात उभ्या होत्या, पाठीवर अनुक्रमांक. पत्नी जयलक्ष्मी कधी कधी म्हणत की यातले एक पानसुद्धा वाण्याकडे चालत नाही. त्यावर ते हसत आणि बत्तिसावी उघडत.

या वह्यांना खरे गिऱ्हाईक एकच मिळाले, ते म्हणजे त्यांची मुलगी शांभवी. ती पाच-सहा वर्षांची असल्यापासून रात्रीच्या जेवणात तीन प्रश्न ठरलेले. एक सांबारभाताला, एक रसमभाताला, एक ताकभाताला. सांबारभाताचा सोपा, ताकभाताचा अवघड. उत्तर आले नाही तर हात धुवायच्या आत अप्पांनी सांगायचे. पुढे ती इंजिनियर झाली, सुट्टीत घरी आली तरी पान मांडले की आधी विचारायची, "अप्पा, सांबार?" आणि जयलक्ष्मींना वाटायचे वाढायला सांगते आहे.

शांभवीचे लग्न झाले आणि ती न्यू जर्सीला गेली. दर आठवड्याला फोन यायचा. अप्पा, जेवलात का. जेवलो. गोळी घेतली का. घेतली. तिकडे थंडी आहे का. आहे. एवढे झाले की कल्याणराम फोन जयलक्ष्मींच्या हातात देत आणि तिथेच घुटमळत राहत. ज्या मुलीशी रोज तीन प्रश्न बोलत होते, तिच्याशी काय बोलावे ते त्यांना सुचेना.

त्यावर उपाय शांभवीनेच काढला. बंगळूरला प्राणेश नावाचा एक तरुण इंजिनियर होता, मूळचा तंजावूरच्याच मराठी कुटुंबातला. त्याने इंटरनेटवर एक प्रश्नमंजुषा चालवली होती, तिचे नाव रविवारसभा. सभासद चाळीस, एकही जास्त नाही. चेन्नई, कोइमतूर, पुणे, अमेरिका, जिथे जिथे आपली माणसे पांगली तिथून खेळणारी. रविवारी बरोबर पाच वाजता ई-मेलने वीस प्रश्न यायचे, सहाच्या आत उत्तरे पाठवायची, सोमवारी निकाल. पुस्तक उघडायचे नाही, कुणाला विचारायचे नाही, सगळे विश्वासावर. बक्षीस काहीच नव्हते. तरी जागेसाठी प्रतीक्षायादी होती, आणि म्हणून एक कडक नियमही होता: लागोपाठ तीन रविवार वीसपैकी पाचापेक्षा कमी गुण मिळाले की जागा यादीतल्या पहिल्या नावाला.

शांभवीने स्वतःची आणि अप्पांची अशा दोन जागा मिळवल्या. दर रविवारी कल्याणराम घराजवळच्या ब्राउझिंग सेंटरवर जात. ते चालवणाऱ्या कनकलता नावाच्या बाई पूर्वी टंकलेखन शिकवत. मशिनांच्या जागी पाच संगणक आले, पण भिंतीवरची 'बोटे न बघता मारा' ही पाटी तशीच राहिली. पाच ते सहा परीक्षा चालायची. सहाला पेपर बंद झाला की पडद्यावर छोटी खिडकी उघडायची आणि शांभवी तिकडून लिहायची, "अकरावा काय लिहिलात?" तिच्याकडे तेव्हा सकाळचे साडेआठ. मग अर्धा तास बाप-लेक इंग्रजी अक्षरांत मराठी आणि तमिळ मिसळून भांडायचे. अकराव्यावरून गोष्ट तिच्या कचेरीतल्या साहेबावर जायची, चौदाव्यावरून ती एकदा बर्फात कशी घसरली त्यावर, आणि एकदा सतराव्यावरून, काही कारण नसताना, तिने लिहिले की इथे संध्याकाळ झाली की घर फार शांत वाटते. फोनवर हे ती कधी बोलली नव्हती. कल्याणरामांनी ती ओळ वहीत उतरवली नाही, पण तारीख त्यांच्या ध्यानात होती.

म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला वाटे हा माणूस प्रश्नोत्तरांसाठी जातो. तो जात होता सहानंतरच्या अर्ध्या तासासाठी.

आता यात एक अडचण होती, ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ. त्या दीड तासात नवे काही सुरू करायचे नाही हे तंजावूरमध्ये रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना पाठ असते. आणि प्राणेशची सभा नेमकी त्याच वेळात बसलेली, पाच ते सहा.

वाट अर्थात आहे. प्रवासाला निघायची वेळ वाईट असेल, तर आधीच्या चांगल्या वेळी पिशवी शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. प्रस्थान ठेवले की निघणे झाले. मग पाय उंबऱ्याबाहेर केव्हाही पडो. कल्याणराम चार वाजून वीस मिनिटांनी कनकलतांच्या तीन नंबरच्या संगणकावर बसत, प्राणेशला पाठवायचे पत्र उघडत, वर नाव आणि विषय लिहून ठेवत. काम सुरू झाले. साडेचारला राहुकाळ लागो, पाचला प्रश्न येवोत. आपण जुन्याच कामात आहोत. याप्रमाणे दीड वर्ष बिनबोभाट चालले. सरासरी तेरा गुण, दोनदा पहिला क्रमांक.

हे लपवायला कारणही होते. त्या वर्षाच्या सुरुवातीला सभेतल्या कुणीतरी 'हे पत्र अकरा जणांना पाठवा, नाहीतर अरिष्ट येईल' अशा जातीचे पत्र सर्वांना धाडले होते. कल्याणरामांनी त्याला मुद्देसूद एक पानाचे उत्तर लिहिले, असल्या भीतीला सुशिक्षित माणसाने थारा देऊ नये म्हणून. सभेने ते उचलून धरले. तेव्हापासून त्यांचे नाव पडले 'बुद्धिवादी सार', सार म्हणजे सर. त्यांचे बालमित्र वादिराज, बँकेतून निवृत्त झालेले आणि मुलाच्या घरच्या संगणकावरून सभा खेळणारे, कॉफीच्या वेळी समोर भेटले की हात जोडून म्हणत, "या बुद्धिवादी, कापी घेणार की तिच्यावरही तुमचा विश्वास नाही?"

सन दोन हजार दोनच्या जुलैअखेर प्राणेशने सभेत सुधारणा केली. पत्रे तपासून त्याचे डोळे दुखू लागले होते. आता उत्तरांसाठी इंटरनेटवर एक वेगळे पान असेल. त्यावर एक ते वीस रिकाम्या चौकटी. प्रश्न पूर्वीसारखेच पत्राने येतील, उत्तरे चौकटींत भरायची, खालचे बटन दाबायचे, तपासणी यंत्र करील. सरावासाठी त्याने एक सोपा पेपर ठेवला. कल्याणरामांनी बुधवारी कार्यालयातून लवकर येऊन तो सोडवला आणि वीसपैकी वीस मिळवले.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ते नेहमीसारखे चार-वीसला बसले. नवे पान उघडले, नाव आणि परवलीचा शब्द भरला. प्रस्थान ठेवले गेले. पाचला प्रश्न आले, चांगले आले. पावणेसहाला बटन दाबले. सोमवारी निकाल: कल्याणराम, शून्य.

सुरुवातीला ते हसले. नव्या पानाबद्दल सगळ्यांचीच ओरड होती. चेन्नईच्या एकाने मागे जायचे बटन दाबले आणि वीसही उत्तरे पुसली गेली. कुणाचे पान बटन दाबल्यावर पांढरे होऊन बसले. वादिराजांनी 'अमेरिका' एवढेच लिहिले, यंत्राला देशाचे पूर्ण नाव हवे होते. कल्याणरामांनी प्राणेशला नम्रपणे लिहिले. प्राणेशनेही नम्रपणे कळवले की, सर, चौकटी भरायच्या आधीच बटन दाबले गेले असेल, पुढच्या वेळी जपून.

पुढच्या रविवारी ते जपून बसले. पुन्हा शून्य. त्यांनी वहीतल्या प्रतीवरून स्वतः तपासले. उत्तरांची नक्कल हाताने काढून ठेवायची त्यांची सवय होतीच. चौदा बरोबर. तसे लिहिले. प्राणेशचे उत्तर आले की यंत्राकडे तुमची वीस उत्तरे पोचलेली दिसतात, पण एकही जुळत नाही; कदाचित स्पेलिंगमध्ये काही होत असेल. पत्राच्या शेवटी त्याने तब्येतीची चौकशी केली होती. ती चौकशी कल्याणरामांना शून्यापेक्षा जास्त लागली.

शांभवीने खिडकीत लिहिले, "अप्पा, चष्म्याचा नंबर तपासा." मग थोड्या वेळाने, "तुम्हाला झेपत नसेल तर काही आठवडे सोडून द्या, नंतर बघू." ती प्रेमानेच म्हणत होती. कल्याणरामांनी उत्तर लिहायला घेतले, तीन शब्द लिहिले, पुसले, आणि पाऊस आहे का तिकडे असे विचारले.

त्या आठवड्यात त्यांना स्वतःचीही शंका येऊ लागली. ऑफिसात एका शिपायाने सहज विचारले की नागपट्टिणम् जिल्हा कधी झाला. एक्क्याण्णव हे उत्तर तोंडावर असूनही त्यांनी वही काढून पाहिले. हे त्यांनी पूर्वी कधी केले नव्हते. कनकलतांच्या संगणकाच्या कळफलकावरचे अक्षर झिजलेले आहे, त्यामुळे चुका होत असतील, म्हणून त्यांनी तीन नंबर सोडून एक नंबर घेतला. कनकलता म्हणाल्या, "सार, अक्षरे झिजली ती तुमच्यासारख्यांनी बोटे बघून मारली म्हणून." तरी तिसऱ्या रविवारी त्यांनी प्रत्येक उत्तर मोठ्या अक्षरांत, दोनदा वाचून भरले.

सोमवारचा निकाल: कल्याणराम, एक. प्रश्न सातवा.

त्याखाली प्राणेशचे वेगळे पत्र होते. नियम तुम्हाला ठाऊकच आहे, सर. फार वाईट वाटते. शुक्रवारी संध्याकाळी जागा प्रतीक्षायादीकडे जाईल. काही सांगायचे असल्यास त्याआधी कळवावे.

कल्याणरामांनी घरी काही सांगितले नाही. मंगळवारी रात्री ताकभाताला त्यांनी मीठ मागितले नाही, तेव्हा जयलक्ष्मींनी ओळखले की काहीतरी बिनसले आहे. विचारल्यावर म्हणाले, ऑफिसात तपासणी आहे.

बुधवारी सकाळी बसमध्ये त्यांनी बत्तिसावी वही मांडीवर उघडली. त्या वर्षी कालव्यांना पाणी सुटले नव्हते, दोन्ही बाजूंची शेते करडी पडून होती, खिडकीबाहेर पाहण्यासारखे काही नव्हते. त्यांनी पुन्हा तिसऱ्या पेपराची नक्कल आणि प्राणेशची उत्तरसूची शेजारी ठेवली. बारा बरोबर, आठ चूक. आणि तेव्हा त्यांना जे दिसले ते दोन दिवसांपूर्वीच दिसायला हवे होते: सातवा प्रश्न चुकलेल्या आठांत होता.

प्रश्न होता, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचे लवंगांसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध असलेले बेट कोणते. सूचीत झांझिबार. यांनी घाईत लिहिले होते मादागास्कर. म्हणजे बारा बरोबर उत्तरांना यंत्राने काही दिले नाही, आणि गुण दिला तो एका चुकीच्या उत्तराला.

चौतीस वर्षे कागद जुळवण्यात गेलेल्या माणसाला एवढे पुरे होते. न जुळणारा आकडा सापडला की तो कुठे जुळतो ते शोधायचे. मादागास्कर हे कोणत्या सातव्या प्रश्नाचे उत्तर होते? त्यांनी एक पान मागे उलटले. दुसरा रविवार, प्रश्न सात: लेमूर हा प्राणी मूळचा कोणत्या देशातला. मादागास्कर.

म्हणजे त्यांचा तिसरा पेपर दुसऱ्याच्या सूचीने तपासला गेला होता. दुसरा पहिल्याच्या. पहिला बहुधा त्या सरावाच्या सोप्या पेपराच्या. प्रत्येक वेळी एक आठवडा मागे. पण हे फक्त आपल्यालाच का व्हावे? बाकी एकोणचाळीस जण तर त्याच पानावर भरतात. आपण काय वेगळे करतो?

बस उल्लूर ओलांडेपर्यंत त्यांना उत्तर सापडले होते आणि ते त्यांना अजिबात आवडले नव्हते. बाकीचे पान पाचनंतर उघडतात. आपण चार-वीसला उघडतो. चार-वीसला पान अजून मागच्या आठवड्याचे असते. रिकाम्या चौकटी सारख्याच, म्हणून डोळ्यांना फरक दिसत नाही. पण कुठेतरी आत मागच्या पेपराचा क्रमांक बसलेला असणार.

ओरत्तनाडू आले. कल्याणराम उतरायचे विसरले आणि पुढच्या थांब्यावरून चालत आले. ऑफिसात ते सहा वर्षांत पहिल्यांदा अकरा मिनिटे उशिरा पोचले.

आता जागा वाचवायची तर प्राणेशला कारण सांगायला हवे. आणि कारण सांगायचे म्हणजे चाळीस जणांसमोर सांगायचे, कारण जागेबद्दलचे प्रत्येक पत्र सभेपुढे ठेवले जाई. बुद्धिवादी सार राहुकाळ टाळण्यासाठी चाळीस मिनिटे आधी येऊन बसतात. वादिराज हे वाचतील. शांभवी वाचेल. तिच्याच कचेरीत असलेले तिच्या नवऱ्याचे मित्रही सभेत होते, ते वाचतील आणि सोमवारी तिला ऑफिसात विचारतील.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी ओसरीवर बसून पत्राचा मसुदा केला. पहिला मसुदा होता: काही तांत्रिक कारणांमुळे पान लवकर उघडले जात असे. त्यांनी तो स्वतःच खोडला. तांत्रिक कारणे कोणती, असे प्राणेश विचारणार, आणि विचारलेच पाहिजे. दुसऱ्या मसुद्यात त्यांनी लिहिले: माझी पत्नी जुन्या वळणाची असल्याने, तिच्या समाधानासाठी मी राहुकाळापूर्वी कामास प्रारंभ करतो. हा त्यांना बरा वाटला. त्यांनी तो हलक्या आवाजात वाचून पाहिला.

आत जयलक्ष्मी डाळ निवडत होत्या. सूप खाली ठेवून त्या बाहेर आल्या.

"माझे नाव कशास घातले त्यात?"

कल्याणराम म्हणाले की उगीच, बोलायची पद्धत.

"रविवारी राहुकाळात मी कुठे असते ठाऊक आहे ना?"

ठाऊक होते. दर रविवारी साडेचारला जयलक्ष्मी दुर्गेच्या देवळात जात, पिळलेली अर्धी लिंबे उलटी करून त्यांत तूप-वात लावत. तो दिवा राहुकाळातच लावायचा असतो. राहुकाळाची भीती असलेली बाई ती नव्हेच. ती तर त्याच्याशी ठरलेली भेट घ्यायला जाणारी.

"मी कधी सांगितले तुम्हास, की चार-वीसला जा?"

कल्याणरामांना आठवेना. आठवत नाही हे कबूल करण्यासारखा त्यांचा स्वभाव नव्हता, म्हणून ते पेनाला टोपण लावू लागले. जयलक्ष्मी पायरीवर बसल्या आणि त्यांनी सावकाश सांगितले. शांभवी पहिल्यांदा अमेरिकेला निघाली तो रविवार होता. चेन्नईची गाडी पाच वाजता सुटायची होती. दुपारी चार वाजता कोणी काही म्हणायच्या आत यांनीच तिच्या दोन्ही पेट्या उचलल्या आणि वादिराजांच्या घरी नेऊन ठेवल्या. पाठीत उसण भरली होती तरी. वादिराजांनी कारण विचारले तर म्हणाले, आमच्या ओसरीवर जागा नाही.

"पोर सुखाने पोचली. त्या दिवसापासून रविवारी तुम्ही कशालाही हात लावता तर आधी घड्याळ बघता. मला वाटले, असो दे. पोर इतकी लांब आहे, बापाला काहीतरी धरून बसायला हवे." त्या उठल्या. "पण ते तुमचे आहे. माझे म्हणून लिहू नका."

डाळीचे सूप पुन्हा वाजू लागले. कल्याणरामांनी दुसरा मसुदाही खोडला. वादिराजांच्या ओसरीवरच्या दोन पेट्या, एकीच्या कडीला शांभवीने बांधलेली लाल फीत, हे सगळे त्यांना आता अगदी स्वच्छ दिसत होते. एकतीस वह्यांत ते कुठे नव्हते.

तिसरा मसुदा चार वाक्यांचा झाला आणि शुक्रवारी सकाळी कनकलतांचे सेंटर उघडताच तो गेला. मी रविवारी राहुकाळात नवे काम सुरू करत नाही. म्हणून आपले पान चार वाजून वीस मिनिटांनी उघडून ठेवत आलो. त्यामुळे माझी तिन्ही आठवड्यांची उत्तरे आदल्या पेपराशी ताडली गेली असावीत. सोबत तिन्ही नकला व जुळणी जोडली आहे. यंत्राचा दोष असल्यास तो तपासावा, माझा असल्यास नियमाप्रमाणे करावे.

संध्याकाळपर्यंत उत्तरे आली. प्राणेशने मान्य केले की पान उघडताक्षणी त्यात पेपराचा क्रमांक बसतो, आणि पाचच्या आधी कुणी ते उघडेल हे त्याच्या डोक्यातच आले नव्हते. त्याने ठळक अक्षरांत तसा इशारा पानावर घातला. जाहीर झालेले निकाल बदलणार नाहीत, पण कल्याणरामांना या रविवारी एक संधी मिळेल. पाच गुण मिळाले तर जागा राहील.

त्यामागून कोइमतूरच्या एका मावशींचे पत्र आले: माझेही दोन रविवार असेच गेले, लाजेने बोलले नाही. मग चेन्नईच्या एका सनदी लेखापालाचे. मग पुण्याच्या एका प्राध्यापकाचे, की मी तमिळनाडू सोडून वीस वर्षे झाली तरी. एकूण पाच जण निघाले. वादिराजांचे पत्र सर्वांत शेवटी होते, एका ओळीचे: "तुमच्या ओसरीवर जागा होती हे आता तरी कबूल करा."

शांभवीचे काहीच आले नाही.

रविवारी चार-वीसला कल्याणराम सवयीने तीन नंबरच्या संगणकासमोर हजर होते. ते बसले, पण त्यांनी काही उघडले नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. कनकलतांनी विचारले की संगणक बिघडला आहे का. म्हणाले, नाही, वेळ व्हायची आहे. साडेचार वाजले. पावणेपाच वाजले. त्यांच्या कपाळावर घाम आला तशी कनकलतांनी न सांगता पंखा त्यांच्याकडे फिरवला.

पाच वाजून एक मिनिटाने, राहुकाळाच्या ऐन मध्यात, त्यांनी पान उघडले. वर नवा इशारा होता आणि त्याखाली पेपराचा क्रमांक. वीस प्रश्न आले. पहिले सहा सुटले, सातवा सोडून दिला, आठवा येत होता. पाच-पंचवीसला इंटरनेटची फोनलाइन तुटली.

पडदा गोठून गेला. कनकलता नंबर फिरवत होत्या, मोडेम किरकिरत होते, लागत नव्हते. कल्याणराम गोठलेल्या पडद्यावरचे प्रश्न वाचून पुढची उत्तरे वहीत लिहीत राहिले. त्यांना एवढेच वाटले की आता जे होईल त्याला ते स्वतः जबाबदार, आणि शांभवीला यात काही होता कामा नये. ही असली वाक्ये मनात म्हणायची नसतात हे त्यांनी त्या अरिष्टाच्या पत्राला एक पान भरून लिहिले होते. तरी त्यांनी ते म्हटले. पाच-शेहेचाळीसला लाइन आली. पान पुन्हा कोरे, चौकटी रिकाम्या. वहीतली नक्कल समोर होती म्हणून निभावले. बोटे बघत, झिजलेल्या अक्षरांवर, त्यांनी चौदा उत्तरे भरली आणि सहाला चार मिनिटे असताना बटन दाबले. बाकी सहा राहिली.

सहा वाजले. खिडकी उघडली.

"अप्पा," शांभवीने लिहिले. पुढचे ती लिहिते आहे एवढे दिसत होते.

"पेट्या तुम्ही का नेल्यात ते मला तेव्हाच ठाऊक होते. मी मागच्या दाराने वादिराजमामांकडे जाऊन लाल फीत बांधून आले. माझ्या हाताने काही बांधले की तुमचे प्रस्थान पक्के, म्हणून."

कल्याणरामांनी चष्मा काढून वेष्टीच्या टोकाने पुसला. शेजारच्या संगणकावरचे गिऱ्हाईक उठून गेले. ते चष्मा पुन्हा चढवतात तोच तिने विचारले, "आज पाचनंतर उघडलेत? घाबरला नाहीत?"

त्यांनी एका बोटाने लिहिले, "वही काल रात्रीच कनकलतांकडे आणून ठेवली होती."

तिकडून हसण्याची खूण आली, दोनदा.

सोमवारी निकाल लागला. कल्याणराम, अकरा. वर तीन नावे सोडून शांभवी, पंधरा. पण हे सोमवारचे. रविवारी संध्याकाळी त्या दोघांना अजून काही ठाऊक नव्हते, आणि जयलक्ष्मी देवळातून परतताना सेंटरच्या दारात डोकावल्या तेव्हा साडेसहा होऊन गेले होते. हातात लिंबाचा वास. त्यांनी पाहिले, नवरा पडद्याकडे वाकून बसला आहे आणि भराभर मारतो आहे, तेही कधी नव्हे ते बोटे न बघता. त्यांनी हाक मारली नाही. बाहेरच्या बाकावर बसल्या.

आत खिडकीत शेवटची ओळ शांभवीची होती. "बरे, आता सातवा सांगा. तो ताकभाताचा होता."